देलिंग मॅम आधी विचारतात

लिनाऑनच्या सरकारी हायस्कुलात मुलांच्या मनाची जबाबदारी देल्फिना बान्यारेस, म्हणजे आमच्या देलिंग मॅम, यांच्याकडे आली ती त्यांच्या पात्रतेमुळे नव्हे, त्यांच्या वर्गाचं छप्पर उडालं म्हणून.

२०१३ च्या नोव्हेंबरात योलांदा वादळ आलं आणि इलोइलोच्या आमच्या या उत्तर किनाऱ्यावरून उचलता येईल ते सगळं उचलून घेऊन गेलं. त्यात देलिंग मॅमच्या गृहशास्त्राच्या वर्गाचे पत्रे होते, दोन भट्ट्या होत्या आणि सहा शिलाई यंत्रं होती. एक यंत्र आठवड्याने खारफुटीत सापडलं. सुईत दोरा ओवलेला तसाच होता, फक्त यंत्र चालत नव्हतं.

शाळा पुन्हा सुरू झाली तेव्हा मुख्याध्यापक रानुल्फो बेलोनिओ यांच्यापुढे प्रश्न पडला. शिवण नाही, स्वयंपाक नाही, मग या बाईंचं करायचं काय? नेमकं त्याच आठवड्यात वरून पत्र आलं की प्रत्येक शाळेत एक समुपदेशक असलाच पाहिजे. परवाना असलेला समुपदेशक आमच्या भागात एकच होता, आणि तो दुबईत होता.

"मॅम, तुमच्याकडे आता सामान उरलं नाही," बेलोनिओ सर म्हणाले. "या कामाला सामान लागतच नाही."

"पण सर, मला यातलं ओ की ठो कळत नाही."

"कुणाला कळतं? मूल रडलं की गप्प करायचं. तुम्हाला तीन मुलं आहेत ना? झाला की अनुभव."

अशी रीतसर निवड झाली. जिन्याखालच्या खोलीतले झाडू बाहेर काढले गेले, दारावर 'समुपदेशन कक्ष' अशी पाटी लागली आणि पाटीखाली बेलोनिओ सरांचा हसरा फोटो लागला. मन दुखावलेल्या मुलाला पहिल्यांदा तोच दिसावा अशी योजना असावी.

तोवर देलिंग मॅमना गाव ओळखत होतं ते स्वागताच्या रांगेमुळे. दर फेब्रुवारीत आमच्या संताची जत्रा, म्हणजे फिएस्टा. फिएस्टाला पाहुणे यायचे: कुणी आमदार, कुणी ठेकेदार, कुणी नुसतेच मोठ्या पोटाचे. त्यांच्या स्वागताला दहावीच्या सोळा मुली उभ्या करायच्या, एका उंचीच्या, एका रंगाच्या झग्यातल्या. त्यांनी पाहुण्यांच्या गळ्यात हार घालायचे आणि मग पाहुण्यांबरोबर एक नाच करायचा. मुलींना विचारायचा प्रश्नच नव्हता, कारण हा मान होता, आणि मान कुणी विचारून देतं का? झगे मॅम शिवायच्या, केस मॅम बांधायच्या, कुणाचं तोंड पडलं की लांबून खूण करून हसवायच्याही मॅमच. एकोणीस वर्षांत त्या रांगेतला एक टाका उसवला नव्हता.

नव्या कामाचं प्रशिक्षण द्यायला मनिलाहून एक गट आला. सगळ्यांचे एकाच रंगाचे टी-शर्ट, पाठीवर हृदयाचं चित्र. सोबत स्टेजच्या रुंदीचा फ्लेक्स. फ्लेक्सवर ज्या सहा पुढाऱ्यांचे चेहरे होते त्यांतला एकही वादळात इथे नव्हता, त्यामुळे सगळे ताजेतवाने दिसत होते. सकाळी झुंबा झाला. मग नूडल्स झाल्या. मग मुलांना कागद आणि खडू वाटून सांगण्यात आलं, "वादळाचं चित्र काढा!" मुलांनी काढलं. गटाने चित्रांसह मुलांचे फोटो काढले. दुपारी सगळ्यांना डोळे मिटायला सांगितलं. "आता कल्पना करा, तुम्ही समुद्रकिनारी आहात. लाटांचा आवाज ऐका."

लाटांचा आवाज! तीनशे मुलांतल्या निम्म्यांच्या घरात त्या लाटा आत शिरल्या होत्या. तिसऱ्या रांगेतली एक मुलगी किंचाळली, तिच्या शेजारचा मुलगा खुर्चीखाली गेला, आणि बघता बघता अख्खं सभागृह रडायला लागलं. गटप्रमुख बाई प्रसन्न झाल्या. "बघा, मोकळी होताहेत मुलं," त्या कॅमेरावाल्याला म्हणाल्या.

त्या गटात आगापिता नावाची एक म्हातारी नर्स होती. शहरातल्या मनोरुग्णालयात तिची तीस वर्षं गेली होती. तिला आणलं होतं ते औषधांची पेटी सांभाळायला. भाषण करायला तिच्याकडे टी-शर्टही नव्हता. ती उठली आणि किंचाळणाऱ्या मुलीपासून दोन हात लांब जमिनीवर बसली. "बाळा, मी इथे बसू, की अजून लांब?" तिने विचारलं. मुलीने बोटाने इथेच म्हणून दाखवलं. बस्स. नर्सने पाठीवरून हात फिरवला नाही, जवळ ओढलं नाही, 'शांत हो' म्हटलं नाही. पाव तासाने मुलगी आपणहून तिच्याकडे सरकली.

संध्याकाळी देलिंग मॅमनी तिला घरी नेऊन उकडलेली केळी खायला घातली आणि विचारलं, "तुम्ही नेमकं काय केलंत?"

"विचारलं," नर्स म्हणाली.

"एवढंच?"

"तुला सोपं वाटतं? वादळाने विचारलं नव्हतं तिला. चित्रवाल्यांनी विचारलं नाही. लाटा ऐक म्हणणारीनेही नाही. हात लावायच्या आधी विचार, दार लोटायच्या आधी विचार, काही विचारायचं असेल तर तेही आधी विचार."

"आणि नाही म्हणाली तर?"

"तर तुझं तोंड बंद ठेव. जमेल?"

तीन दिवसांनी गट गेला. देलिंग मॅमना सोनेरी काठाचं प्रमाणपत्र मिळालं. त्यांचं नाव त्यात 'देल्फिनो' असं छापलं होतं, म्हणजे त्या वर्षी आमच्या शाळेला समुपदेशक मिळाला तो कागदोपत्री पुरुष होता.

पण त्या केळ्यांच्या ताटावरचं बोलणं त्यांनी मनावर घेतलं. जिन्याखालच्या खोलीत दोन खुर्च्या होत्या, त्यांनी तीन केल्या. आलेल्या मुलाने हवी ती निवडायची. दार उघडं की लोटलेलं, ते मुलाने सांगायचं. मुलं आत असताना मॅम स्वतःच्याच खोलीचं दार वाजवून आत जायच्या. शिक्षकांच्या खोलीत यावर महिनाभर हसणं पुरलं. "आज खोलीने आत घेतलं का मॅम?" गणिताचे सर रोज विचारायचे.

मग त्या वर्गांतून हिंडल्या. पाऊस पत्र्यावर वाजला की बाकाखाली जाणारी मुलगी हजेरीपटात 'उनाड' म्हणून नोंदली होती. फळ्यावर डस्टर आपटलं की ज्याच्या हातातलं पेन गळायचं तो 'मंद'. देलिंग मॅमनी शिक्षकांना विनंती केली की डस्टर हळू ठेवा, मुलाच्या मागून जाऊन खांद्यावर हात टाकू नका. शिक्षकांनी विनंती ऐकून घेतली. ऐकून घेण्यात आमचे शिक्षक कधीच कमी पडत नाहीत.

घंटेवरून मात्र युद्ध पेटलं. शाळेची घंटा म्हणजे झाडाला टांगलेलं ट्रकच्या चाकाचं लोखंडी कडं. वादळाच्या पहाटे गावाला उठवायला हेच कडं बडवलं होतं. आता दर चाळीस मिनिटांनी ते वाजलं की अर्धी शाळा दचकायची. मॅमनी अर्ज दिला की घंटा बदला, बांबू वाजवा.

"घंटा सरकारी आहे," बेलोनिओ सर म्हणाले.

"सर, ते कोपऱ्यावरच्या गॅरेजमधून आणलेलं कडं आहे."

"टांगल्यापासून सरकारी झालं. बदलायला वरून मंजुरी लागेल."

मंजुरीची फाईल वर गेली आणि वरच राहिली. मग एका सकाळी नव्या शिपायाने जरा जास्तच उत्साहाने कडं बडवलं. त्याच वेळी देलिंग मॅम सही घ्यायला मुख्याध्यापकांच्या खोलीत शिरत होत्या. बेलोनिओ सर टेबलाची कड घट्ट धरून उभे होते, कॉफी सगळी पँटवर सांडली होती आणि डोळे दाराकडे लागले होते. वादळाच्या दिवशी तीनशे माणसं सभागृहात असताना दार धरून हेच उभे होते, हे मॅमना तेव्हा आठवलं. मॅम उंबऱ्यातच थांबल्या. "सर, आत येऊ की नंतर येऊ?"

"नंतर," सर कसेबसे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मेमो निघाला: तांत्रिक कारणास्तव लोखंडी घंटा बंद, बांबू सुरू. तंत्र कसलं ते मेमोत नव्हतं, मॅमनीही कुणाला सांगितलं नाही.

मुलं येऊ लागली तशी मॅमच्या लक्षात आलं की मुलांवर येणारी सगळी वादळं समुद्रातून येत नाहीत. काही घरातली असतात, काही शेजारची, काही रविवारी चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसतात. मग त्यांनी आठवी ते दहावीच्या वर्गांत दर शुक्रवारी एक तास सुरू केला. नाव साधं ठेवलं: 'आधी विचार'. हो म्हणजे काय, नाही म्हणजे काय, गप्प राहणं म्हणजे काय. गप्प राहणं म्हणजे हो नव्हे, हे सांगितल्यावर वर्गात जी शांतता पसरायची ती त्यांना फार काही सांगून जायची.

पालकांची परवानगी हवी म्हणून फॉर्म वाटले. नेरिसा नावाच्या एका बाईने मुलीचा फॉर्म सही न करताच परत पाठवला. नेरिसा बाजारात सुकी मासळी विकायची आणि शाळेत असताना मॅमची विद्यार्थिनी होती. मॅम पिशवी घेऊन तिच्या गाळ्यावर गेल्या आणि तास कशाबद्दल आहे ते समजावून सांगितलं.

नेरिसा हसली. खूप वेळ हसली. "मॅम, तुम्ही शिकवणार? आधी विचारायचं म्हणून?"

"का गं?"

"मला विचारलं होतंत?"

मॅमना कळेना.

"मी रांगेत होते. निळे झगे होते त्या वर्षी. माझ्या वाट्याला तो ठेकेदार आला. नाचताना त्याचा हात कुठे होता ते अख्खा गाव बघत होता. मी तुमच्याकडे बघितलं, मॅम. तुम्ही काय केलंत, आठवतं?" नेरिसाने दोन बोटं ओठांच्या कोपऱ्यांवर ठेवली आणि वर ओढली. "अशी खूण केलीत. हस म्हणून."

मॅमना निळे झगे आठवत होते. दुमडपट्टी दुहेरी घातली होती तेही आठवत होतं. नेरिसाचा चेहरा काही केल्या आठवेना. एकोणीस वर्षं गुणिले सोळा मुली, असा हिशेब मनात सुरू झाला आणि त्यांनी तो अर्ध्यावर सोडला, कारण पुढे जायची छाती झाली नाही.

"नेरिसा, माझं चुकलं. मी—"

"राहू द्या हो मॅम. पंधरा वर्षं झाली. मी काय तुमची माफी तळून खाऊ? मासळी घेणार आहात का? मागे गिऱ्हाईक थांबलंय."

मॅमनी अर्धा किलो घेतली. दुसऱ्या दिवशी नेरिसाच्या मुलीने फॉर्म आणला. सही होती. का केली, ते नेरिसाने कधी सांगितलं नाही आणि मॅमनीही विचारलं नाही.

घरी मात्र त्यांनी नवऱ्याला सांगितलं. सिद्रोची मासेमारीची होडी होती, आणि बायकोच्या नोकरीवर त्याची मतं ठरलेली होती. "तुला पण तेव्हा कुणीतरी पाठवत होतंच की," जाळं विणता विणता तो म्हणाला.

"मला पाठवत होते. मुलींना मी पाठवत होते."

सिद्रोने तिच्यापुढे जाळ्याचं दुसरं टोक सरकवलं आणि दोघं जेवायची वेळ होईपर्यंत विणत बसली.

२०१६ च्या फेब्रुवारीत नेहमीप्रमाणे मेमो आला: स्वागताची रांग, सोळा मुली, प्रमुख देल्फिना बान्यारेस. या वेळी मॅमनी दहावीच्या मुलींना चिठ्ठ्या वाटल्या. नाव नको, फक्त हो किंवा नाही. सेहेचाळीस चिठ्ठ्यांत हो निघाले पाच. त्या पाच जणींनी आपणहून नावं सांगितली आणि मॅमनी पाच मुलींची यादी सरांपुढे ठेवली.

"पाच?" बेलोनिओ सर किंचाळले. "पाहुणे सोळा आहेत!"

"मग अकरा पाहुण्यांना बसून जत्रा बघू द्या. खुर्च्या आहेत आपल्याकडे."

"मॅम, सहभाग ऐच्छिकच आहे. पण ऐच्छिक म्हणजे कुणी नाही म्हणायचं असं थोडंच आहे?"

सरांनी उरलेल्या अकरा स्वतः निवडल्या. दुपारी तीन वाजता छप्पर असलेल्या मैदानात बँड सुरू झाला, मुलींनी हार घातले, पाहुणे नाचायला उठले. नगरसेवक तेओदुल्फो ब्रिल्यांतेस यांच्यापुढे रिझालिन नावाची मुलगी आली. तिची चिठ्ठी 'नाही'ची होती, हे मॅमना ठाऊक होतं, कारण अक्षर त्यांना ओळखता येत होतं. रिझालिनने मान हलवली आणि एक पाऊल मागे घेतलं. नगरसेवकांनी हसत हसत तिचं मनगट धरलं. लाजते आहे, असं त्यांनी लोकांना तोंडाने सांगितलं, मनगट काही सोडलं नाही.

देलिंग मॅम मैदानाच्या मध्यावर गेल्या. वय एकोणपन्नास, गुडघे दुखरे, पायात चपला. चालत जायला बराच वेळ लागला आणि तेवढ्यात बँडवालेही एकेक करून थांबले.

"सर, तिला विचारलंत का?"

नगरसेवक मुरलेले. त्यांनी माईक मागवला. "मॅमना राग आलाय! त्यांना कुणी नाचायला विचारलं नाही म्हणून!" गाव खो खो हसलं.

"मग विचारा की," मॅम म्हणाल्या.

नगरसेवकांनी कमरेत वाकून हात पुढे केला, राजपुत्रासारखा. त्यासाठी त्यांना रिझालिनचं मनगट सोडावं लागलं. "देलिंग मॅम, माझ्याबरोबर नाचाल?"

"नाही."

आता गाव दुप्पट हसलं, पण या खेपेला नगरसेवकांना.

"बघा सर, किती सोपं आहे," मॅम माईकमध्ये म्हणाल्या. "तुम्ही विचारलंत, मी नाही म्हटलं, दोघंही अजून जिवंत आहोत. आता तिला विचारा."

मैदानात आठशे माणसं होती. नगरसेवकांच्या गालावरचं हसू तसंच होतं, डोळ्यांतलं गेलं होतं. "नाचणार का गं?"

"नको, सर," रिझालिन म्हणाली. माईकने ते इतकं स्पष्ट पकडलं की चर्चच्या पायरीवर बसलेल्या आंधळ्या बासिलियोनेसुद्धा मान वर केली. मग रांगेतल्या आणखी दहा जणी बाजूला झाल्या. पाच जणी, ज्यांनी हो लिहिलं होतं, त्या आनंदाने नाचल्या आणि बरं नाचल्या.

पुढचं सगळं नियमाप्रमाणे झालं. देलिंग मॅमकडून बहात्तर तासांत खुलासा मागवण्यात आला. आरोप: शिक्षकाला न शोभणारं वर्तन, मान्यवरांचा अवमान, बँडच्या कामात अडथळा. मॅमनी खुलाशात लिहिलं की त्यांनी एक प्रश्न विचारला आणि तो प्रश्न अभ्यासक्रमात आहे. महिन्याभरात 'सेवेच्या निकडीपोटी' त्यांची बदली समोरच्या कालाग्नान बेटावरच्या शाळेत झाली. मोटरच्या होडीने पाऊण तास, समुद्र शांत असला तर.

निघायच्या आदल्या दिवशी रिझालिनची आई आली. मॅमना वाटलं, आभार मानायला.

"तुम्ही तर चाललात," ती म्हणाली. "माझ्या पोरीला गावात कुणी नावाने हाक मारत नाही. 'नको सर' म्हणतात. दुकानात गेली तर, 'ये गं नको सर, किती देऊ?' नवऱ्याचं पालिकेतलं काम गेलं. तुमचा प्रश्न छान होता, मॅम. उत्तर आम्ही भरतोय."

सहा महिन्यांनी ते कुटुंब इलोइलो शहरात राहायला गेलं. रिझालिन आता तिथल्या कॉल सेंटरमध्ये आहे म्हणे. मॅमनी एकदा फेसबुकवर तिला विनंती पाठवली होती. ती अजून तशीच पडून आहे, आणि मॅम म्हणतात की तो तिचा हक्क आहे. म्हणताना चेहरा फारसा हसरा नसतो.

बेटावर शाळा नव्वद मुलांची, वीज संध्याकाळी चार तास. मॅमनी तिथेही तीन खुर्च्या मांडल्या आणि शुक्रवारचा तास चालू केला. पहिली तक्रार घेऊन आली ती एक आजी, आमच्या भाषेत लोला.

"तुम्ही शिकवलंत का माझ्या नातवाला? मी गालाचा पापा घ्यायला गेले तर म्हणतो, लोला, आधी विचार! मी त्याचं ढुंगण धुतलंय, आता पाप्याला अर्ज करू?"

"मग विचारलंत का?"

"विचारलं. काय करते!"

"काय म्हणाला?"

"हो म्हणाला मेला," आजी म्हणाली, आणि तिला हसू फुटलं. "दोन घे म्हणाला."

२०१८ च्या ऑगस्टमध्ये मायलिन आली. तेरा वर्षांची. तिने तिन्ही खुर्च्या बघितल्या आणि जमिनीवर बसली, दार उघडं ठेवायला सांगितलं. पहिले चार शुक्रवार ती काही बोलली नाही. मॅम तिच्याशेजारी बसून फाटकी जाळी विणत राहिल्या. पाचव्या शुक्रवारी तिने सांगितलं. माणूस होड्यांचा मालक होता, तिच्या आईचा लांबचा भाऊ, चर्चच्या समितीवर.

"मी कुणाला सांगू का?" मॅमनी विचारलं. "आणि एक आधीच सांगते, मायलिन. तू नाही म्हणालीस तरी तुला सुरक्षित ठेवायला मला काहीतरी करावंच लागेल. पण कुणाला आधी, कसं आणि तू बरोबर येणार का, हे तू ठरव."

मायलिनने ठरवलं. आधी आई, मग पोलीस. बेटाचा कप्तान, म्हणजे सरपंच, अजिबात नाही, कारण कप्तान मालकाच्या होडीवर पत्ते खेळतो.

बेटाने मग आपलं कर्तव्य केलं. मासळी घेणारे मायलिनच्या आईकडून मासळी घेईनासे झाले. मॅमना मालकाच्या होड्यांनी बंदी घातली. माणसांची ने-आण करणारी मालकाच्या सोडून दुसरी होडी बेटावर नव्हती, म्हणून सिद्रो दर सोमवारी आपली होडी काढून बायकोला सोडायला आणि शुक्रवारी आणायला लागला. "माशांपेक्षा वजनाला जास्त आहेस," तो म्हणायचा, पण एकही सोमवार त्याने चुकवला नाही.

खटला चालला, म्हणजे तारखा चालल्या. तेव्हा आमच्या देशात कायदा असा होता की बारा वर्षांची मुलगी समजती. तिला मत देता येत नव्हतं, होडीचा परवाना मिळत नव्हता, दुकानात सिगारेट मिळत नव्हती. संमती तेवढी देता येत होती! मालकाचा वकील हाच कायदा हातात घेऊन उभा होता. मुलगी तेरा वर्षांची, म्हणजे वर्षभर जुनी समजती. आणि ती ओरडली नाही. ओरडली नाही म्हणजे हो.

देलिंग मॅम साक्षीला उभ्या राहिल्या.

"तुमचं शिक्षण?" वकिलाने विचारलं.

"गृहशास्त्र."

"म्हणजे शिवण आणि स्वयंपाक. आणि तुम्ही कोर्टाला मुलींच्या मनाबद्दल सांगणार?" त्याने न्यायाधीशबाईंकडे बघून स्मित केलं. "तर शिवणकामाच्या बाई, खरोखर नको असतं तर मुलगी ओरडली नसती का?"

मॅमनी विचारलं, "योलांदाच्या दिवशी तुम्ही कुठे होतात, सर?"

"मनिलात. त्याचा काय संबंध?"

"मी आमच्या शाळेच्या सभागृहात होते. तीनशे माणसं होती. दर्यावर्दी पुरुष होते, एक मुख्याध्यापक होते, मी होते. छप्पर उचललं गेलं तेव्हा कुणी ओरडलं नाही. एकजणही नाही. जो जिथे होता तिथे खांब धरून राहिला. कुणाला हात हलवता येईना, कुणाला आवाज फुटेना. मलाही नाही. आज इतकी वर्षं झाली, त्या तीनशे जणांपैकी एकालाही कुणी विचारलं नाही, की तुम्ही ओरडला नाहीत, म्हणजे वादळाला तुमची संमती होती का?"

न्यायाधीशबाईंनी चष्मा काढून पुसला. त्या मूळच्या आमच्याच किनाऱ्यावरच्या, हे वकिलाला मनिलात कुणी सांगितलं नसावं.

२०२२ मध्ये कायदा बदलला आणि बाराचं सोळा झालं. मायलिनच्या खटल्याला त्याचा उपयोग नव्हता. पण आमच्या शिक्षण खात्याला जाग आली, कारण वरून पत्र आलं की प्रत्येक शाळेत संमतीवर प्रशिक्षण झालंच पाहिजे. हे शिकवणारं कुणी आहे का याचा शोध सुरू झाला. मग कुणाला तरी आठवलं की एका बाईंना याच कामासाठी बेटावर टाकलं होतं. देलिंग मॅमना सन्मानाने परत बोलावण्यात आलं. स्टेजभर फ्लेक्स लागला: 'संमती ही आमची संस्कृती'. त्यावर सर्वांत मोठा चेहरा ब्रिल्यांतेस यांचा होता, जे आता उपमहापौर होते. मॅमचा फोटो खाली उजव्या कोपऱ्यात, प्रायोजक लाँड्रीच्या वर. फोटो लावायचा का, हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

मॅमनी प्रशिक्षण दिलं. झुंबा रद्द केला, म्हणून प्रशिक्षणार्थी नाराज झाले. वर्षाअखेर खात्याने संमतीचा छापील फॉर्म काढला, तीन प्रतींत, आणि वेळ वाचावा म्हणून 'हो' वर आधीच खूण छापून ठेवली. ती खूण काढायला मॅमना अकरा महिने आणि चौदा पत्रं लागली. ते काम मॅम आपल्या आयुष्यातलं सर्वांत कष्टाचं मानतात.

मायलिनच्या खटल्याचा निकाल २०२३ च्या ऑक्टोबरात होता. मायलिन तेव्हा अठराची, शहरातल्या कॉलेजात पहिल्या वर्षाला.

"मॅम, मी येणार नाही," तिने फोनवर सांगितलं. "त्या दिवशी माझा लेखांकनाचा पेपर आहे. तुम्ही जाल का माझ्यातर्फे?"

"तुझी आई?"

"तिला तो दिसला की उलटी होते. तुम्ही जा. जमेल का?"

मॅम सकाळची पहिली बस पकडून गेल्या आणि मागच्या बाकावर बसल्या. निकाल वाचायला दीड तास लागला. इंग्रजी कायद्याचं होतं, मॅमना अर्धं कळलं नाही, पण 'दोषी' हा शब्द आणि पुढे वर्षांचा आकडा कळला. मालकाच्या बायकोने हंबरडा फोडला. पोलिसांनी मालकाला नेलं. मॅम बाहेर आल्या, रस्त्यापलीकडे एका हॉटेलात भाताची पेज मागवली आणि ती निवून गेली तरी खाल्ली नाही.

एक वाजता पेपर सुटायचा. एक वाजून पाच मिनिटांनी त्यांनी फोन लावला.

"मायलिन, सांगू का निकाल? आत्ता, की नंतर?"

पलीकडे मुलींचा गलका होता. "आत्ता सांगा."

मॅमनी सांगितलं. पलीकडे गलका तसाच चालू राहिला, मायलिनचा मात्र आवाज येईना. मॅमनी तोंड बंद ठेवलं.

"बरं," शेवटी मायलिन म्हणाली. मग जरा वेळाने, "मॅम, पेपर सोपा गेला. शेवटचा प्रश्न राहिला, पण बाकी सगळं आलं."

"किती मार्कांचा होता?"

"दहा."

"मग ठीक आहे," देलिंग मॅम म्हणाल्या, आणि हॉटेलात वाढायचं काम करणाऱ्या मुलीला पेज पुन्हा गरम करून द्यायला सांगितली.